नाव गुरुजींनी सुचवायचं

१८ नोव्हेंबर

चि. प्रियदर्शनी,

तुझा लेख माझ्या हातात कुणी ठेवला असेल, सांग बरं? खुद्द अमृतराव पाटलांनी. त्यांच्या ओसरीवर, खुर्चीत बसवून, चहा पाजून. "गुरुजी, लेकीनं गावाचं नाव काढलं की!" म्हणाले आणि हसले. त्यांचा पुतण्या तिकडं नांदेडला शिकतो, त्यानं झेरॉक्स पाठवली होती.

तू गावाचं नाव बदललंस, अमृतरावांचं बदललंस, माझंही बदललंस. पण जळकोट तालुक्यातलं एक गाव, जिथं ग्रामपंचायतीला आजवर मतदानच झालं नाही, आणि त्या गावच्या बौद्ध वस्तीतला एक निवृत्त शिक्षक, जो दर निवडणुकीला उठून पाटलांच्या मनातलं नाव सुचवतो. असा माणूस शोधायला सीआयडी लागते होय? "प्रामाणिक, पण वापरला गेलेला मध्यस्थ" असं लिहिलंयस. वापरला गेलेला! मी काय पोतेरं आहे का?

सुट्टीत तू आलीस तेव्हा मी म्हणालो होतो, थीसिसमध्ये बापाला घालायचं असेल तर या घरात पाय ठेवू नकोस. रागात बोललो. तू पहाटेच्या गाडीनं निघून गेलीस, वर हा लेख छापलास, आणि आता माझा फोन उचलत नाहीस. आईचा तेवढा उचलतेस. म्हणून पत्र. माफी मागायला लिहीत नाही, आधीच सांगून ठेवतो.

तुझ्या लेखात एक शब्द परत परत येतो. धुरीणत्व. शब्दकोश काढून पाहिला. धुरीण म्हणजे धुरा वाहणारा, पुढारी. मग धुरीणत्व म्हणजे पुढारीपण. यात एवढं नाक मुरडण्यासारखं काय आहे? वर्गात मी पोरांना सांगायचो, अर्थ पाठ केला म्हणजे शब्द आला असं नाही, वाक्यात उपयोग करून दाखवा. घे. "अमृतरावांच्या धुरीणत्वामुळे आमच्या गावात कधी डोकी फुटली नाहीत." बरोबर आहे ना? दे मार्क.

आजूबाजूची गावं बघ. निवडणूक आली की भाऊ भावाच्या घरी पाणी पीत नाही. आपल्याकडं मारुतीच्या पारावर बैठक होते, नाव ठरतं, नारळ फुटतो, माणसं घरी जातात. आणि ते नाव कोण उच्चारतं? वस्तीतले निवृत्ती गुरुजी. आधी मी बोलायचं, मग गावानं हो म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. माझे वडील त्याच ओसरीखाली चपला हातात घेऊन उभे राहायचे. मला तिथं खुर्ची आहे. वस्तीला पाण्याची टाकी आली, रस्ता आला, विहाराला जागा मिळाली, ती काय घोषणा देऊन?

असो. आता खरं काम. पुढच्या महिन्यात निवडणूक लागली आहे. या वेळी सरपंचपद महिलांसाठी, पण खुलं. अमृतरावांच्या मनात त्यांची सून वर्षाराणी आहे. शिकलेली आहे, बरी मुलगी आहे. आणि तुझी आई म्हणते, मी उभी राहते! अगं, राखीव जागा असती तर गावानं हसत दिली असती. खुल्या जागेवर धुरपताबाई? हे खूळ तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी घातलेलं नाही. तूच तिला समजाव. ती उभी राहिली तर गावात मतदान होईल, आणि मला कुठं तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

तुझा,
पप्पा


२७ नोव्हेंबर

चि. प्रियदर्शनी,

तुझं कार्ड मिळालं. बापाला पत्र लिहायचं तर 'कसे आहात' तरी विचारावं. सरळ शब्दाचा अर्थ! "पप्पा, पुढारीपण नव्हे. जबरदस्ती असेल तिथं हा शब्द वापरायचा नसतो, तिथं दडपशाही म्हणायचं. ज्याची सत्ता आहे त्याचं भलं तेच आपलं भलं, असं आपल्यालाच मनापासून वाटू लागतं, आणि त्याला काठी उचलावीच लागत नाही, तिथं धुरीणत्व म्हणायचं." छान. पोस्टमननं वाचलं असणार. आता तोही मला बघून हसेल.

बैठक काल झाली. आईनं तुला फोनवर सांगितलंच असेल, पण तिची बाजू. माझी ऐक.

आदल्या दिवशी अमृतरावांनी बोलावलं होतं. "वर्षाराणीचं नाव घ्या," असं ते कधीच म्हणत नाहीत. "गुरुजी, तुमाला काय वाटतं?" असं विचारतात. मला जे वाटतं ते त्यांनाही वाटत असतं. तू म्हणशील, हेच ते. म्हण.

पारावर गाव जमलं होतं. बाया पलीकडं लिंबाखाली. मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, वस्तीच्या वतीनं मी वर्षाराणीताईंचं नाव सुचवतो. टाळ्या पडल्या. भागवतनं नारळ हातात घेतला. हा आपलाच वस्तीतला भागवत, माझ्या शेजारी बसलेला. तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, "थांबा की जरा. मीबी फारम भरणार हाय."

तुझी आई! पदर खोचून उभी. पाराकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

अमृतराव हसून म्हणाले, "वहिनी, गुरुजींनी तर वस्तीचं नाव सांगितलं. आता?" तर म्हणते कशी, "ते त्येंच्या मनातलं नाव सांगितले. वस्तीला कुणी इचारलंय?" आणि प्रीतम उठला. माझ्या मावसभावाचा पोरगा प्रीतम, अमृतरावांचा ट्रॅक्टर चालवतो, त्यांचं मीठ खातो, तो उठून आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला! म्हणाला, "काकू बरोबर बोलायलीत." मग त्याची बायको धम्मप्रिया उठली, मग आणखी दोघी. भागवतच्या हातातला नारळ हातातच राहिला.

घरी आल्यावर तिला एवढंच म्हणालो, मला आधी सांगायचं तरी. तर म्हणते, "तुमी मला सांगून नाव घेतलाव का?" चुलीकडं तोंड करून बोलत होती. मी जेवलो नाही. तिनंही वाढायला आग्रह केला नाही.

तू खूश असशील. तुझ्या थीसिसला नवीन प्रकरण मिळालं.

पप्पा


५ डिसेंबर

चि. प्रियदर्शनी,

आज अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस होता. सांगतो कसा गेला तो. मन घट्ट करून वाच, कारण तुझ्या बापाची यात फजितीच आहे.

या आठवड्यात कुणी आम्हाला एक शब्द वाकडा बोललं नाही. हे आधी लिहून घे. उलट अमृतराव आपल्या घरी आले. जन्मात पहिल्यांदा आपल्या दाराच्या आत आले! बाजेवर बसले, आईच्या हातचा चहा घेतला, कप धुवायला स्वतः उचलला. "वहिनी, तुमी उभं राहिलाव याचा मला लई आनंद हाय. पण गावाची रीत मोडायचं पाप कुणाच्या माथी यावं असं मला वाटत न्हाई," एवढंच बोलले आणि गेले. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. आख्खी वस्ती दारात येऊन बघत होती. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी वस्तीत ज्यांची तूर कापून पडली आहे, त्यांच्याकडं अमृतरावांचं मळणीयंत्र आलं नाही. बेल्ट तुटला म्हणे. तिसऱ्या दिवशी प्रीतमला सांगितलं, ट्रॅक्टर गॅरेजला न्यायचा आहे, चावी दे, तू चार दिवस आराम कर. आरामच! पोरगं तेव्हापासून विहाराच्या पायरीवर बसून राहतं. भागवत मला येऊन म्हणाला, "गुरुजी, तुमीच वहिनीला समजावा. तूर भिजली तर खायचं काय?" मी आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला दिसायलंय की. आंधळी हाय का मी?"

आज सकाळी अमृतरावांची जीप दारात आली. आईला जळकोटला तहसीलला न्यायला. ड्रायव्हर अदबीनं म्हणाला, "मालकांनी पाठवलंय. वहिनीला यष्टीत धक्के नको." मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होतो. म्हटलं, मी पुढं बसतो, ती येईल. बसलो. तिला हाक मारली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. परत हाक मारली. थापणं थांबलं नाही.

प्रियदर्शनी, मी त्या जीपमध्ये दुपारपर्यंत बसलो गं. उतरायची लाज वाटत होती आणि बसायचीही. जाणारे येणारे बघत होते. कुणी म्हणालं, "गुरुजी, कुठं चाललाव?" काय सांगणार? तीन वाजले. मुदत संपली. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, आता उतरा. मला गाडी लावायची हाय." उतरलो.

आईनं ताट वाढून ठेवलं होतं. दोघंही जेवलो.

आता मतदान होणार. उद्या सहा डिसेंबर. संध्याकाळी विहारात अभिवादन झाल्यावर वस्तीची बैठक आहे. सगळ्यांनी एकमतानं आईला मत द्यायची शपथ घ्यायचं चाललंय. मला पुढं बसायला बोलावलंय. जावं तर लागणारच.

पप्पा


२२ डिसेंबर
मु. लातूर

चि. प्रियदर्शनी,

पत्ता बघून घाबरू नकोस. तुझ्या मामाकडं आलोय. डोळ्याला धूसर दिसत होतं, म्हटलं एकदा दाखवून घ्यावं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदूची सुरुवात आहे, घाई नाही. मीच म्हणालो, थोडे दिवस राहतो. इथं बरं वाटतं. गंजगोलाईच्या बाजारात फिरून येतो, कुणी ओळखत नाही.

निकाल तुला कळलाच आहे. आई पडली. पडणारच होती, गावात वस्ती केवढी आणि बाकी गाव केवढं! तरी जितकी मतं पडली तितकी कुणाला अपेक्षित नव्हती. वस्तीबाहेरूनही पडली. श्रीमंतची बायको गुणाबाई, मराठ्यांची, तिनं तर मोजणीनंतर आईचा हात दाबला म्हणे. आई प्रचाराला घरोघर फिरली, शिट्टी चिन्ह होतं तिचं. पोरं रस्त्यानं शिट्ट्या वाजवत तिच्यामागं जायची. मी तिला कधी इतकी हसताना पाहिलं नव्हतं.

पण एक झालंय. आपला वॉर्ड म्हणजे नुसती वस्ती, मशीन वेगळं. सहा डिसेंबरला विहारात झाडून सगळ्यांनी हात पुढं करून शपथ घेतली होती. मीही घेतली, पहिल्या रांगेत. आणि मोजणीत आपल्या मशीनमध्ये वर्षाराणीला एक मत निघालं. एकच. बाकी सगळी आईला.

आई हरली त्याचं वस्तीला एवढं वाईट वाटलं नाही. हरलो तरी एकजूट होतो, असं म्हणत गुलाल लावणार होते. त्या एका मतानं सगळ्यांच्या तोंडची चव गेली. पारावर कुणीतरी म्हणालं, "वस्तीत एक तरी शहाणा हाय." ते ऐकून पोरं पेटली.

आणि अमृतरावांनी काय करावं? दुसऱ्याच दिवशी प्रीतमला बोलावून ट्रॅक्टरची चावी त्याच्या हातात दिली. "झालं गेलं विसरून जा बाळा. निवडणूक संपली," असं चारचौघांत म्हणाले. पोराच्या घरात दोन लेकरं, त्यानं घेतली चावी. झालं. वस्तीला उत्तर सापडलं.

तुझ्या आईचं काल फोनवर एकच. "प्रीतम असं करल असं वाटलं नव्हतं वो." मी काही बोललो नाही. रेंज नव्हती.

डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली. पुरे करतो.

पप्पा


२८ डिसेंबर
लातूर

प्रियदर्शनी,

मागच्या पत्रात रेंज नव्हती असं लिहिलं. रेंज होती.

ते मत माझं आहे.

इतका वेळ पेन हातात धरून बसलो होतो. लिहून टाकलं एकदाचं. आता राहिलेलं सांगतो, तू मध्येच फाडू नकोस.

मला कुणी सांगितलं नव्हतं. पैसा नाही, धमकी नाही, साधा फोन नाही. मतदानाच्या आधी आठवडाभर अमृतरावांचं तोंडही पाहिलं नव्हतं. मी घरातून निघालो तेव्हा आईनं माझ्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं, लग्नात लावलं होतं तसं, आणि म्हणाली, "शिट्टी बगा हं, चुकू नका." मी हसलो. मनात आईलाच द्यायचं होतं. पुठ्ठ्याच्या आडोशात गेलो. तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. कुणी बघत नव्हतं, कुणाला कधी कळणार नव्हतं. आणि माझा अंगठा वर्षाराणीच्या कपबशीवर गेला.

का गेला हे मी इथं आल्यापासून रोज स्वतःला विचारतोय. पहिल्यांदा मी स्वतःला सांगितलं, पारावर वर्षाराणीचं नाव मी सुचवलं होतं, शब्द पाळला. शब्दाचा पक्का माणूस! मग सहा डिसेंबरच्या शपथेचं काय? ती काय भाजीवाल्याला दिली होती?

खरं सांगू? मला भीती वाटली ती आई पडेल याची नव्हती. ती निवडून आली तर, याची वाटली. म्हणजे ग्रामपंचायतीची खुर्ची, शिक्का, चावी आपल्या घरात. आणि माझ्या पोटात आलं, हे आपल्याला झेपायचं नाही. गाव त्यांचं आहे, त्यांनाच चालवता येतं, आपण हात लावला की बिघडेल. मी शिक्षक माणूस, आयुष्यभर पोरांना संविधानाची प्रस्तावना पाठ करून घेतली, एकाही पोराला चूक करू दिली नाही, आणि माझ्या पोटात हे आलं. बाहेर आलो तेव्हा बोटावरची शाई वाळलेलीही नव्हती आणि मला बरं वाटत होतं! काहीतरी जागच्या जागी ठेवल्यासारखं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

तू कार्डावर अर्थ लिहिलास तेव्हा मी चिडलो, कारण मला वाटलं ते अमृतरावांबद्दल आहे. आता वाक्यात उपयोग करून दाखवतो. "निवृत्ती गुरुजींना पुठ्ठ्याच्या आडोशात एकटं सोडलं, तेव्हा त्यांनी धुरीणत्वाला मत दिलं." या वेळी मार्क देऊ नकोस.

काल तुझ्या मामाच्या घरी भागवतचा फोन आला. प्रीतमच्या घरी कुणी जात नाही. धम्मप्रिया नळावर गेली की बाकीच्या बाया घागरी उचलून निघून जातात. त्याच्या थोरल्या पोराला खेळायला घेत नाहीत. ज्यानं सगळ्यात आधी उठून आईची बाजू घेतली, चावी गमावली, त्याला माझ्या अंगठ्याची शिक्षा चाललीय. आणि मी इथं मामाच्या गच्चीवर ऊन खातोय.

उद्या सकाळच्या गाडीनं गावी जातो. आधी आईला सांगतो. रविवारी विहारात सगळ्यांसमोर सांगतो.

पप्पा


५ जानेवारी

माय,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. श्रीमंतचा बालाजी उद्या पहाटे आजीला घेऊन नांदेडला दवाखान्यात चाललाय, त्याच्या हातात देतो. तुझ्या होस्टेलवर पोचवील. तू फोन उचलत नाहीस, आणि आता आईचाही फोन बंद आहे, कारण तिनं तो भिंतीवर आपटला. माझ्यामुळे.

लातूरहून आलो त्याच संध्याकाळी तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं. तेव्हा तिनं फोन आपटला, आणि सूप उचलून माझ्या अंगावर फेकलं. म्हणाली, "मी आठ दिस त्या लेकराला शिव्या घालायले! तुमी फोनवर ऐकत होतात!" आणि रडली. पडल्याच्या दिवशी रडली नव्हती ती. मग उठून तशीच प्रीतमच्या घरी गेली आणि तिथंच राहिली. अजून तिथंच आहे. मी तिला बोलवायला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

आता काल विहारात काय झालं ते ऐक. मला वाटलं होतं, लोक दगड मारतील, थुंकतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो. वंदना झाली, मी उठलो, आणि सांगितलं. शब्द न चोरता. ते मत माझं आहे, प्रीतमचं नाही, मला कुणी पैसे दिले नाहीत, माझीच बुद्धी फिरली, मला जी शिक्षा द्यायची ती द्या.

मग भागवत उठला. डोळे पुसत माझ्याजवळ आला आणि माझे पाय धरले. म्हणाला, "गुरुजी, दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेण्याएवढं मन फक्त तुमचंच." मी म्हणालो, अरे भागवत, मी खरं सांगतोय. तर मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी सोताच्या बायकोला मत न्हाई देतील होय? पोराला वाचवायलेत." म्हातारी माणसं हात जोडायला लागली. एक पोरगा म्हणाला, याला म्हणतात करुणा. मी ओरडलो. खरंच ओरडलो, प्रियदर्शनी, विहारात. "मी खोटारडा आहे, मी दगा दिलाय!" जितका ओरडलो तितके लोक जास्त गहिवरले.

आई उठली. ती म्हणाली, "ते खरं बोलायलेत. मला घरी सांगितलेत." तर म्हणाले, वहिनीसुद्धा नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाहीत, किती मोठं घर आहे! तुझी आई, जिनं आख्ख्या गावाला नाही म्हटलं, तिला म्हणाले! ती मटकन खाली बसली.

आणि प्रीतमची गोष्ट आणखी बिघडली. आधी संशय होता. आता सगळे म्हणतात, गुरुजींना एवढं पुढं यावं लागलं म्हणजे नक्कीच त्यानं केलंय. मला वाटलं होतं माझं बोलणं त्याला सोडवील. माझ्या बोलण्यानंच त्याला बांधलं. आजवर मी या वस्तीत जे नाव सुचवलं ते लोकांनी न विचारता मान्य केलं. फक्त स्वतःचं नाव घेतलं तेव्हा कुणी ऐकलं नाही. अमृतरावांबद्दल तू पानंच्या पानं लिहिलीस. माझंही या वस्तीवर तसंच काही चालत आलंय, हे तुलाही दिसलं नसेल, मला तर नाहीच नाही.

प्रीतम कालच्या गर्दीतून निघून गेला. आज सकाळी त्यानं अमृतरावांना चावी परत नेऊन दिली. हैदराबादला कुठंसं बांधकामावर काम आहे, त्याचा मेहुणा तिथं असतो. बायकापोरांसकट चाललाय. येत्या रविवारी सकाळी टेम्पो येणार. मी त्याच्या दारात गेलो होतो. मला म्हणाला, "काका, तुमी खरं बोलायलाव हे मला म्हायती हाय. पर मी कुणाकुणाला सांगू?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आत धम्मप्रिया भांडी पोत्यात भरत होती.

मी हे सगळं तुला का लिहितोय ते आता सांगतो.

या वस्तीत माझ्याबद्दल वाईट बोलणारं आजवर एकच माणूस निघालं. ते म्हणजे तू. तू माझ्याविरुद्ध छापून आणलंस हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावरून तुला नावं ठेवलीत त्यांनी. म्हणून तू बोललीस तर कुणी म्हणू शकणार नाही की लेक बापाच्या शब्दात आहे. शनिवारी ये. रात्री विहारात मी लोकांना बोलावून ठेवतो. माझ्या बोलावण्यावर येतील ते, एवढं अजून चालतं. त्यांच्यासमोर उभी राहा आणि सांग, हा माणूस असंच करील, याला मी ओळखते. लेखात लिहिलं त्याहून कडक बोल. ही पत्रं घेऊन ये आणि वाचून दाखव. लातूरचं अठ्ठावीस तारखेचं आधी वाच. माझी दया आली तर गिळून टाक. दया आली की आवाज मऊ होतो, आणि आवाज मऊ झाला तर परत मीच मोठा ठरेन आणि टेम्पो सकाळी निघेल.

माझ्यावर विश्वास न ठेवणारं माणूस मला या जगात एकच उरलंय आणि ते मी घराबाहेर काढलं होतं. या घरात पाय ठेवू नकोस म्हणालो होतो. ते मी आज मागं घेतो. पण घरी यायची जबरदस्ती नाही. विहारातून परस्पर परत गेलीस तरी चालेल.

नांदेडहून दुपारची उदगीर गाडी धर, अंधार पडायच्या आत जळकोटला उतरशील. बापाच्या विरोधात बोलायला ये, माय. मी स्टँडवर उभा असतो.

पप्पा